मजकूर माझा, सही तिची

७ मे

दादा,

नऊ वर्षांनी पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं, असं समजू नकोस. सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होते, पण तू उचलणार नाहीस अशी भीती होती, आणि उचललास तर काय बोलायचं याची त्याहून मोठी. पत्राचं बरं असतं. समोरचा मध्येच उठून, बूट घालून निघून जाऊ शकत नाही.

मी अजून त्याच कारखान्यात आहे. वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर यांच्या खोक्यात एक पुस्तिका येते ना, ती मी लिहिते. ‘वापरण्यापूर्वी काळजीपूर्वक वाचा’ हे वाक्य मी जितक्या वेळा लिहिलं, तितक्या वेळा जगात कोणी वाचलं नसेल. लोक खोकं फोडतात, पुस्तिका बाजूला टाकतात आणि बटणं दाबत सुटतात. मशीन बंद पडलं की कारखान्याच्या नावानं बोंब. तेवीस वर्षं हे बघतेय. तुझे मेहुणे अजून दातांचा दवाखाना चालवतात. समोरच्याच्या तोंडात दोन्ही हात घालून एकट्यानंच बोलत राहायची त्यांना सवय झालीय. घरीही तसंच चालतं, फक्त इथे आमची तोंडं मिटलेली असतात.

तुझी भाची अठरा वर्षांची झाली. तिला अजून सगळे मुंगीच म्हणतात. मुंगी नाव ठेवलं तेव्हा ती इवलीशी होती, एवढंच त्यामागचं कारण. कामसूपणाचा त्यात कुठेही उल्लेख नव्हता, हे बरं झालं. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा ती टेबलाखाली बसली होती. मधल्या काळात ती टेबलाखालून निघून खिडकीपाशी गेली. प्रगती नाही असं कोण म्हणेल?

चांगली बातमी म्हणजे तिला विद्यापीठात प्रवेश मिळालाय. यंत्र अभियांत्रिकीला. गुण जेमतेम होते, पण अर्जासोबतचा निबंध निवड समितीला फार आवडला. त्यात तिनं तुझ्याबद्दल अगदी मनापासून लिहिलंय. ‘माझे मामा लिफ्ट दुरुस्त करतात’ अशी सुरुवातच आहे.

सोबत एक कागद जोडलाय. किरकोळ औपचारिकता आहे. खाली सही करून तीस जूनच्या आत मला परत पाठव. मजकूर मी टाइप करूनच ठेवलाय, तुला त्रास नको म्हणून.

तुझी,
धाकटी


१९ मे

दादा,

कागद परत मिळाला. सही नाही. मागे पेन्सिलीनं एक ओळ: ‘ही माझ्याबरोबर कधी होती?’ नऊ वर्षांनंतर चार शब्द. कंजूष तू आधीपासूनच होतास, पण एवढा?

बरं, सांगते. विद्यापीठाच्या अर्जात प्रश्न असतो: ‘या विषयाकडे तुम्ही कसे वळलात? प्रत्यक्ष अनुभव असल्यास लिहा.’ मुंगी कशाकडेच वळलेली नाही. ती कुशीवर वळते तेवढीच. तीन आठवडे कोरा अर्ज जेवणाच्या टेबलावर पडून होता. त्यावर कपाचे दोन गोल उठले, तरी ही ढिम्म. मी विचारलं, “अगं, काय लिहिणार आहेस?” म्हणाली, “बघू.” तिच्या वडिलांनी पाऊण तास भवितव्यावर व्याख्यान दिलं. शेवटी तिनं विचारलं, “बाबा, चूळ भरू का?” आणि उठून गेली.

मग मी जरा मदत केली. म्हणजे थोडा आराखडा करून दिला. तिच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही सापडेना, म्हणून तुझ्याकडे वळले. चौदाव्या वर्षापासून दर उन्हाळ्यात ती मामाकडे जाते. मामाच्या मागे पान्यांची पेटी घेऊन जिने चढते. मशीनच्या खोलीत चाकावरून दोर सरकताना बघून तिला पहिल्यांदा कळतं की वर जाणाऱ्या प्रत्येक डब्यामागे कुठेतरी तेवढंच वजन खाली येत असतं. चांगलं वाक्य आहे, तूही मान्य करशील. समितीच्या पत्रात ते अवतरणात आलंय.

आणि तिथेच गाडं अडलं. वाक्य इतकं आवडलं की त्यांना आता त्या अनुभवाचा दाखला हवाय. ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांच्या सहीचा. तू शांतपणे बघ, यात कोणाचं काय वाईट होणार आहे? मुलगी एकदा तिथे गेली की लागेल मार्गाला. सगळी मुलं काय पहिल्या दिवसापासून पेटून उठलेली असतात? एकदा आत ढकललं की पोहतात.

तू म्हणशील, मलाही ढकललं होतं. तुझी गोष्ट वेगळी. तू विद्यापीठ सोडलंस आणि दीड वर्षं घरी कळू दिलं नाहीस. बाबांना पत्रांतून काय काय वाचायला मिळत होतं, ते आत्ता उकरून काढायची माझी इच्छा नाही.

नवा कागद जोडलाय. ‘चार उन्हाळे’ ऐवजी ‘काही काळ’ केलंय. एवढं तर चालेल?

धाकटी


२८ मे

दादा,

माझ्याशी भांडायचं होतं तर माझ्याशी भांडायचं. पोरीला कार्ड कशाला पाठवलंस?

मी कारखान्यातून आले तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. खिडकी सोडून तिथे बसलेली बघूनच मी चपला न काढता आत गेले. समोर तुझं कार्ड होतं. ते मी इथे उतरवून काढते, म्हणजे आपण काय केलंय ते तुला कळेल: ‘भाचीस, तू चार उन्हाळे माझ्याबरोबर लिफ्टची कामं केलीस असं कळलं. मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर कळव. नसेल तर ये, करून टाकू. मामा.’

“आई, हे काय आहे?” तिनं विचारलं.

“तू सही केलीस तो निबंध.”

“सही केली. वाचला कुठे होता?”

दादा, त्या क्षणी मला संतापानं हसूच आलं. तेवीस वर्षं मी लोकांना बजावतेय की आधी वाचा, मग बटण दाबा. आणि माझ्या पोटच्या पोरीनं न वाचता सही ठोकली. पण मग आठवलं, त्या दिवशी ती सही करायला बसली तेव्हा मी घाईघाईत म्हटलं होतं, “वाचायची गरज नाही, मी तपासलंय.” माझ्या धंद्यातल्या माणसानं असं म्हणणं म्हणजे काय, ते तुला कळायचं नाही.

तिनं प्रत मागितली. मी दिली. तिनं सावकाश वाचली, दोनदा. ती वाचत असताना मी ओट्यावरची तीच तीन भांडी पुन्हा पुसत होते. तुझे मेहुणे दारात येऊन उभे राहिले. तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता मिटलं.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, “छान आहे. ही मुलगी मला आवडली असती.”

मी म्हटलं, “अगं, तूच आहेस ती.”

“नाही गं. ही पहाटे उठते.” मग कागदाची घडी घालून माझ्यासमोर ठेवली. “हिलाच पाठव ना विद्यापीठात. तिला जायचंय पण.”

चिडली असती, रडली असती, दार आपटलं असतं तर मला काय करायचं ते ठाऊक आहे. तिनं यातलं काहीच केलं नाही. खिडकीपाशी जाऊन बसली. थोड्या वेळानं तिथूनच विचारलं, “मामाकडे बस किती वाजता असते?”

मी म्हटलं, “कशाला?”

“बोलावलंय ना त्यानं.”

आजवर या मुलीनं आपणहून बसची वेळ विचारलेली नाही. आणि ती विचारली तुझ्याकडे यायला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या हे कबूल करते. तुझी नाही, तिची नाही, माझीच मला चीड आली, असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण खरं म्हणजे तुझीच आली.

धाकटी


१ जून

दादा,

मुंगी आज सकाळच्या बसनं निघाली. दुपारी तुझ्याकडे पोचेल. मोठी बॅग, लहान बॅग आणि एक उशी. उशी घरूनच नेते, तुझ्या उशांवर विश्वास नाही.

सवयीनं मी तिच्याबरोबर पुस्तिका द्यायला निघाले होते. सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो. सुरू झाल्यावर दोन तास आवाज येत नाही, तो बिघाड नाही. एका वेळी एकच सूचना द्यावी. जोरात हलवू नये. ‘बघू’ म्हणाली तर नाही असं समजावं, ‘हं’ म्हणाली तर हो असं समजावं, आणि काहीच म्हणाली नाही तर ऐकलेलंच नाही. अर्धं पान लिहिलं आणि फाडून टाकलं. तू कुठलीच पुस्तिका वाचत नाहीस. लहानपणी माझी बोलणारी बाहुली उघडून बसला होतास, ती पुन्हा कधी बोलली नाही.

सहीचा कागद तिच्याकडे दिलेला नाही. माझ्याच कपाटात आहे. तीस जूनला अजून वेळ आहे, एवढंच लिहिते.

ती जेवणात मिरची खात नाही.

धाकटी


१४ जून

दादा,

तुझ्या तिन्ही चिठ्ठ्या मिळाल्या. दुरुस्तीच्या पावत्यांच्या पाठीमागे पत्रं लिहिणारा माणूस जगात तू एकटाच असशील. एकीवर तर ‘तिसरा मजला, दार घासतं’ असंही होतं. ते मुंगीबद्दल आहे की लिफ्टबद्दल, हे कळायला मला वेळ लागला.

पहिली चिठ्ठी: ‘चार दिवस गाडीत बसून होती. उपयोग शून्य. त्रासही शून्य.’ ही मी तुझ्या मेहुण्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. म्हटलं, बघा, मी सांगत नव्हते? मला चक्क बरं वाटलं, दादा. आपली पोर दुसऱ्याकडेही तशीच वागते याचा आनंद होणारी आई मी एकटी नसेन, पण कबूल करणारी असेन.

दुसरी चिठ्ठी: ‘पाना मागितला, पानाच दिला.’ ठीक.

तिसरी मात्र मी कोणाला दाखवली नाही. पर्समध्ये ठेवून कारखान्यात घेऊन गेले. तू लिहितोस की दवाखान्याच्या इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली, आत सत्तरीची एक बाई एकटी. तू वर मशीनच्या खोलीत. आत ती बाई दार बडवतेय, ओरडतेय. बाहेर पहारेकरी आणि दोन नर्स “घाबरू नका, घाबरू नका” असं एवढ्या मोठ्यानं ओरडत होते की कोणीही घाबरावं. आणि मुंगी दाराशी जमिनीवर बसली. फटीतून म्हणाली, “मामाला अर्धा तास तरी लागेल. मी इथेच आहे, मला काही काम नाही.” चाळीस मिनिटं ती तिथे बसली होती. बाईंची मांजर, बाईंचा गुडघा, बाईंची सून. दार उघडलं तेव्हा बाई म्हणाली, “थांबा, मला हिला सुनेचं पूर्ण सांगू द्या.” खाली तुझी ओळ: ‘मला तीस वर्षांत हे जमलं नाही. मी अडकलेल्या माणसाला वेळ सांगतो, खोटी.’

‘मला काही काम नाही’ हे वाक्य मी त्या पोरीच्या तोंडून कमीत कमी हजार वेळा ऐकलंय आणि हजार वेळा तिच्यावर डाफरलेय. ते कोणाच्या उपयोगी पडेल असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तरी मी लगेच हुरळून जाणार नाही. चाळीस मिनिटं बसता आलं म्हणजे आयुष्याचं काही ठरलं असं नाही, आणि त्याची पदवीही मिळत नाही.

आता दुसरं. तुला जे माहीत आहे तेच मी तुला सांगणार आहे. एकदा तरी माझ्या हातानं लिहिलेलं असू दे.

ती पत्रं मी लिहिली होती. मी सोळा वर्षांची होते. तू पहिल्या सहामाहीतच विद्यापीठ सोडून लिफ्टच्या कारखान्यात चिकटलास आणि मला कळवलंस, ‘बाबांना काय लिहू सुचत नाही.’ मला सुचलं. मला फारच सुचलं. मी मजकूर लिहून तुला पाठवायचे, तू तुझ्या अक्षरात उतरवून घरी पाठवायचास, आणि बाबा तो जेवणाच्या टेबलाशी मोठ्यानं वाचायचे. खडू मोडणारे टकले प्राध्यापक मी काढले. झोपेत सूत्रं बडबडणारा तुझा खोलीतला सोबती मी काढला. बाबा वाचता वाचता हसायचे, आणि मी वाटी पुढे करून म्हणायचे, “दादा किती छान लिहितो नाही?” विद्यापीठातून तुझं नाव कमी केल्याचं कळलं तेव्हा बाबांनी तुला समोर बसवून विचारलं, “ही सगळी पत्रं तू लिहिलीस?” तू म्हणालास, “हो.” मी मागे चहाचा ट्रे घेऊन उभी होते. चहा गार होईपर्यंत उभी होते.

तिथे गप्प बसले ते कोवळ्या वयाच्या खात्यावर टाकता येईल. पण आई गेली त्या दिवशी मी अडतीस वर्षांची होते. भरलेल्या खोलीत, आत्यासमोर, सगळ्यांसमोर मी तुला म्हटलं, “खोटी पत्रं लिहून ज्यानं बाबांना फसवलं त्यानं मला शहाणपण शिकवू नये.” तू माझ्याकडे बघितलंस, बूट घातलेस आणि गेलास. तू एक वाक्य बोलला असतास तर माझी वाचा बसली असती. तू ते बोलला नाहीस. नऊ वर्षं मी तुझ्यावर त्याचाच राग धरून बसले.

माफ कर असं लिहायचं होतं. पण मला लिहिता फार सहज येतं, त्यामुळे माझ्या लिहिण्यावर तू विश्वास ठेवावास असं मी म्हणणार नाही.

धाकटी


२६ जून

दादा,

मुंगी परवा पोचली. उशी तुझ्याकडेच ठेवून आली, यावरून मी काय ते समजले. तीन दिवस राहून, कपडे घेऊन परत तुझ्याकडे येतेय म्हणे. विचारलं नाही, सांगितलं. हातावर ग्रीसचा डाग आहे. तो जात नाही, आणि काढायची तिची इच्छाही दिसत नाही.

तू पाठवलेलं पुडकं तिनं माझ्या हातात दिलं. “मामा म्हणाला, आईचं आहे, तिला दे.” वर तुझी चिठ्ठी: ‘शेवटच्या दिवसांत दवाखान्यात बाबांनी दिलं होतं. म्हणाले, तुझ्या बहिणीचे पेपर आहेत, तपासलेत, तिला दे. मी द्यायला उशीर केला. पहिल्यांदा विसरलो, नंतर मुद्दाम.’

बावीस पत्रं. तुझं अक्षर, माझा मजकूर, आणि समासात बाबांची लाल पेन्सिल, प्रत्येक शेऱ्याखाली पत्र आलं त्या दिवसाची तारीख. जन्मभर मुख्याध्यापक होते, दुसरं काय करणार? पहिल्या पत्रावर दहापैकी सात. तिसऱ्यावर, ‘अतिशयोक्ती टाळावी.’ सातव्यावर, ‘प्राध्यापकांचं टक्कल पुन्हा आलं.’ अकराव्यावर नऊ गुण. मोठ्यानं वाचून दाखवताना ते त्या पत्राला सर्वांत जास्त हसले होते, मला आठवतंय. म्हणजे ते हसत होते तेव्हा त्यांना ठाऊक होतं. आणि मी वाटी पुढे करत होते.

शेवटच्या पत्राच्या तळाशी लिहिलंय: ‘लेखन उत्तम. मुलगा यात कुठेच नाही.’

मी ते वाचून बराच वेळ न्हाणीघरात जाऊन बसले. तुझे मेहुणे बाहेरून विचारत होते, “काय झालं? दात दुखतोय का?”

मग बाहेर येऊन आत्याला फोन लावला. म्हटलं, ज्या खोलीत बोलले त्या खोलीतलं एक तरी माणूस गाठायला हवं. तिला आता ऐकायला कमी येतं, त्यामुळे कबुली मला ओरडून द्यावी लागली. “आत्या! ती पत्रं! मी लिहिली होती! दादानं नाही!” शेजाऱ्यांनाही कळलं असेल, बरंच झालं.

आत्या म्हणाली, “मग? त्यात नवीन काय? त्याला दोन ओळी धड लिहिता येत होत्या का कधी? आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.”

“मग कोणी बोललं का नाही?”

“तू बोलशील म्हणून वाट बघत होतो. फार वेळ लावलास हो.” आणि फोन ठेवला.

आता मुंगीचं. काल मी कपाटातला दाखल्याचा कागद काढून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “तुझं तू ठरव. मी काही लिहिणार नाही.” हे म्हणताना माझ्या उजव्या हाताची बोटं अक्षरशः खाजत होती. तिनं तिच्या पिशवीतून तुझा दाखला काढून माझ्या कागदावर ठेवला. अर्थात पावतीच्याच मागे: ‘बावीस दिवस कामाला होती. सांगितलेलं करते. न सांगितलेलं करत नाही. घाई करत नाही. पुढेही ठेवायला तयार आहे.’ दादा, तेवीस वर्षं मी यंत्रांबद्दल लिहितेय, पण इतकं नेमकं मला एकदाही जमलेलं नाही.

मग तिनं विद्यापीठाला पत्र लिहिलं. अडीच तास लागले. मधे दोनदा खिडकीपाशी जाऊन आली. लिहून झाल्यावर मला वाचायला दिलं, आणि आधीच सांगितलं, “फक्त वाच.” पत्र असं आहे:

‘माझ्या अर्जातला निबंध मी लिहिलेला नाही. सही करताना तो मी वाचलाही नव्हता. मामांकडे मी बावीस दिवस काम केलं, पण ते निबंध पाठवल्यानंतर. त्यांचा दाखला जोडला आहे. मला यंत्रं बरी वाटतात, पण फार नाही. त्यांच्यात अडकलेली माणसं जास्त आवडतात. त्याचा कुठला विषय असतो ते मला माहीत नाही. मी या वर्षी येत नाही. कळलं तर पुन्हा अर्ज करीन, तेव्हा निबंध मी लिहीन. तो एवढा चांगला नसेल.’

मी म्हटलं, “प्रवेश जाईल, कळतंय ना? पुढच्या वर्षी देतीलच असं नाही.”

“हं,” ती म्हणाली. म्हणजे हो.

“आणि कळलंच नाही तर?”

“बघू.” आता याचा अर्थ नाही असाच असतो का, हे मला पूर्वीइतकं खात्रीनं सांगता येत नाही.

ती विद्यापीठासाठी तयार आहे का, हे तू पहिल्या चिठ्ठीत विचारलं नव्हतंस आणि मी पहिल्या पत्रात सांगितलं नव्हतं. नाही, ती तयार नाही. मला हे मार्चपासून माहीत होतं. म्हणूनच निबंध इतका चांगला झाला.

आज सकाळी पत्र टाकायला आम्ही दोघी गेलो. तिनं पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आणि ती समोरच्या दुकानात गेली. तिकिटं घ्यायला. मुद्दाम गेली असेल, मला शंका आहे. पाकीट उघडं, पत्र आत, आणि माझ्या पर्समध्ये पेन. ‘बरी वाटतात, पण फार नाही’ या वाक्याचं एका मिनिटात सोनं करता आलं असतं. शेवटची ओळ तर मी कापूनच टाकली असती. कोण आपणहून लिहितं की माझं चांगलं नसेल?

पत्र बाहेर काढलं. पुन्हा एकदा वाचलं. घडी घालून आत ठेवलं आणि पाकीट चिकटवलं. ती येईपर्यंत कडेवरून तीनदा बोट फिरवलं, सुटू नये म्हणून.

रविवारी तिला सोडायला मी बसनं येतेय. तू बूट काढून बस.

धाकटी